त्याच्या मागची भिंत

छोटं रिव्हॉल्व्हर चालवायला सोपं असतं, असं माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मुठीत मावतं, पर्समध्ये बसतं, म्हणजे बायकांसाठीच केलेलं असणार. खरं तर हेच सगळ्यात अवघड. नळी आखूड, त्यामुळं मनगट जरा हललं तरी गोळी भलतीकडं जाते. मूठ इतकी लहान की करंगळीला जागा उरत नाही. वजन कमी, म्हणून धक्का सगळा हातात बसतो. आणि ट्रिगर लांब, जड. तो ओढत जावं तसा मागचा घोडा, गोळीच्या बुडावर आपटणारा, हळूहळू उठतो, सिलिंडर फिरतं आणि एका क्षणी गोळी सुटते. तेवढ्या वेळात माणसाला भीती गाठते आणि शेवटी शेवटी तो हिसका देतो. त्या हिसक्यात नेम जातो.

पोलीस खात्यात असताना मी महिला शिपायांना हेच शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. पण शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एका निवृत्त मेजरसाहेबांनी खाजगी रेंज काढली होती. शस्त्राच्या परवान्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, त्यासाठी बायकाही यायला लागल्या होत्या आणि त्यांना शिकवायला बाई हवी होती. घरात बसून मला करमत नव्हतंच. शनिवारी दुपारी, आणि रविवारी विहारातली वंदना आटोपली की, मी रेंजवर जायला लागले.

तिथंच ती डॉक्टर मला भेटली. दातांची डॉक्टर, चाळिशीच्या आसपासची, अंगानं बारीक, आवाज अगदी हळू. गारखेड्याच्या बाजूला तिचा दवाखाना होता. रिव्हॉल्व्हर तिच्या वडिलांचं. वडील पैठणकडचे मोसंबीचे बागायतदार. त्यांनी ते हौसेनं घेतलं, लग्नकार्यात कमरेला लावून मिरवलं आणि आयुष्यात एकदाही चालवलं नाही. ते वारल्यावर वारस म्हणून परवाना तिनं आपल्या नावावर करून घेतला.

"विकून का नाही टाकलं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"लागेल असं वाटतंय," ती म्हणाली. एवढंच.

मी खोदून विचारलं नाही. लोक आपापल्या वेळेला बोलतात.

पहिले काही शनिवार मी कुणालाच गोळी देत नाही. आधी सिलिंडर उघडायचं, गोळीच्या प्रत्येक घरात बोट फिरवून ते रिकामं असल्याची खात्री करायची, मग पुन्हा एकदा बघायचं. बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, नळीला समांतर. दुसऱ्या हाताची बोटं पुढं न्यायची नाहीत, कारण सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून जाळ बाहेर येतो आणि बोट भाजतं. करंगळी मुठीखाली दुमडून घ्यायची. मग खोटी काडतुसं भरायची, नळीच्या टोकाला एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता ट्रिगर शेवटपर्यंत ओढायचा. रेंजवर येणाऱ्या बिल्डर लोकांची नाणी पहिल्या दिवशी पाडव्याच्या बत्ताशांसारखी खाली गळतात. डॉक्टरचं नाणं हललंच नाही.

मग खऱ्या गोळ्या आल्या. त्यात मी एक जुनी युक्ती करते. शिकणाऱ्याला पाठ करून उभं करायचं आणि सिलिंडरमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधेच एखादी खोटी घालून ठेवायची. कुठली खोटी ते त्याला माहीत नसतं. खोटीवर घोडा पडतो, आवाज होत नाही, पण नळी मात्र खाली डुचकते. म्हणजे हात धक्क्याच्या आधीच घाबरला. शिपाईसुद्धा डुचकतात. या बाईची नळी खोटीवर जागची हलली नाही. मला कौतुक वाटलं, आणि मी तिचे हात पुन्हा एकदा नीट बघितले. इतक्या वर्षांत भीती नसलेले हात मी फार थोडे पाहिले होते, आणि त्यातले सगळेच काही चांगल्या माणसांचे नव्हते.

तिचं एकच अडत होतं, आवाज. शस्त्र बाहेर काढायच्या आधी आणि काढताना ओरडायचं, हे मी घोकून घेते. 'थांबा! मागं व्हा!' समोरच्याला ऐकू जायला हवं, आजूबाजूच्यांनाही. पुढं पोलीस विचारतील तेव्हा चार लोकांनी सांगायला हवं की बाई आधी ओरडली होती. डॉक्टरला ओरडता येईना.

"थांबा. मागं व्हा," ती म्हणायची.

"अहो, दात काढायला बसवताय का त्याला? पोटातून काढा आवाज!"

ती हसायची आणि पुन्हा तसंच म्हणायची.

एका शनिवारी सराव झाल्यावर ती बाकावर बसून काडतुसं मोजून डबीत भरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मॅडम, एका गोळीत माणूस थांबतो का?"

हे सगळेच विचारतात. मी सांगितलं, बत्तीस बोअरची गोळी लहान असते, थांबेलच असं नाही.

"मग दुसरी मारावी लागते."

"तो पुढं येतच राहिला तर."

"आणि तो पडला असेल, थांबला असेल, आणि तरी दुसरी मारली, तर कायद्यात किती फरक पडतो?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चेहरा अगदी साधा, क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरून बघताना असतो तसा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कोण आहे तो?"

मग तिनं सांगितलं. तिची धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून तिच्याकडं आली होती, सोबत लहान मुलगी. नवरा शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर. बाहेर बघाल तर देवमाणूस. घरात मात्र बायकोची बोटं दारात धरून दार लावायचा. एकदा गरम तवा. बहिणीनं तक्रार दिली, घटस्फोटाचा दावा टाकला. तेव्हापासून त्याचे फोन. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. डॉक्टरला तो 'ताई' म्हणायचा. "ताई, तिला समजवा. तिचा चेहरा मला लई आवडतो. तो असाच राहावा असं मला वाटतं." असं.

"चेहरा?" मी विचारलं.

"हो. प्रत्येक वेळी चेहराच."

पोलिसात मी असे चेहरे पाहिले होते, ज्यांच्यावर नंतर कापड टाकावं लागतं.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. या बाईला वाचायचंय की मारायचंय? मेजरसाहेबांना सांगून तिचं शिकणं बंद करावं का? पण शिकवणं बंद केलं म्हणून रिव्हॉल्व्हर काही तिच्या घरातून जाणार नव्हतं. ते तिथंच राहणार, फक्त शेजारी कुणी नसणार. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. "मला तुमचा दवाखाना बघायचाय. जिथं तो येऊ शकतो ती जागा मला दाखवा."

दवाखाना पहिल्या मजल्यावर. आत शिरलं की बसायची जागा, दोन बाकं, काउंटर. काउंटरवर एक पोक्त मुस्लिम बाई, सगळे पेशंट तिला खाला म्हणायचे. मधे प्लायवूडचं पार्टिशन आणि त्यात दार. आत डॉक्टरची खोली, मधोमध दातांची खुर्ची. मागं छोटी मोरी, तिथं बहीण अवजारं उकळून, पुसून ठेवायची. मोरीतून मागच्या जिन्यावर उतरायला एक दार.

मी खुर्चीशेजारी उभी राहिले. "तो इथं दारात आलाय. तुम्ही तिथं उभ्या. त्याच्या मागं काय आहे?"

"दार."

"दाराच्या मागं?"

तिनं मान वळवली. पार्टिशनच्या पलीकडून एका म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता.

"पेशंट," ती हळूच म्हणाली.

"हे प्लायवूड गोळीला कागदासारखं आहे. चुकली तर खोकणारा मेला. लागून आरपार गेली तरी तोच. बरं, तो खिडकीशी आहे. खिडकीच्या मागं?"

"समोर ट्यूशन क्लास आहे. पोरं असतात."

"मोरीच्या बाजूला?"

"बहीण."

मी तिला खोलीभर फिरवली. ती दर वेळी बघायची आणि दर वेळी कुणीतरी माणूस निघायचं. शेवटी एकच भिंत उरली, दाराच्या उजव्या हाताची. तिथं दातांचं क्ष-किरण यंत्र टांगलेलं होतं, म्हणून ती जाड विटांची बांधून घेतली होती. पलीकडं मोकळा प्लॉट.

"ही एक," ती म्हणाली.

"एक आहे, पण त्या भिंतीशी तो आपणहून कशाला जाईल? म्हणून आधी बाकीचं करा. गोळी सगळ्यात शेवटी."

मग आम्ही बाकीचं केलं. काउंटरखाली एक घंटा बसवून घेतली. तो दिसला की खालानं ती दाबायची, बाकावरच्या लोकांना घेऊन खाली उतरायचं आणि पोलिसांना फोन लावायचा. घंटा वाजली की बहिणीनं हातातलं टाकून मागच्या जिन्यानं जायचं आणि दाराला बाहेरून कडी घालायची. डॉक्टरनं खुर्ची आपल्या आणि त्याच्या मधे ठेवायची. रिव्हॉल्व्हर पर्समध्ये किल्ल्यांच्या गर्दीत ठेवायचं नाही, एप्रनच्या आत कमरेच्या म्यानात ठेवायचं, घरी गेल्यावर कुलपाच्या पेटीत, कारण घरात लहान मूल होतं. हे सगळं आम्ही दुपारच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा केलं. कधी मी तो व्हायचे, कधी खाला व्हायची. खाला हसून म्हणायची, "मेरे कू गुंडे का पार्ट नक्को देव मॅडम, मेरे कू हँसी आती." आम्हीही हसायचो. डॉक्टर हसायची, पण दर वेळी तिचे डोळे त्या विटांच्या भिंतीकडं जायचे ते मला दिसायचं.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला अर्ज करून सूट मागता येते. डॉक्टरनं बहिणीच्या तक्रारीची प्रत लावून अर्ज केला आणि तिला सूट मिळाली. मला वाटलं नव्हतं मिळेल. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. मला, खालाला आणि बहिणीला तेवढं ठाऊक होतं.

त्याच दिवसांत माझी दाढ ठणकायला लागली. लई दिवस लवंग धरून काढले, पण शेवटी गाल सुजला. डॉक्टर म्हणाली, "काढावीच लागेल, मॅडम. सकाळी या."

गुरुवार होता. बाहेर प्रचाराची रिक्षा ओरडत फिरत होती. मी खुर्चीत आडवी, गळ्यात कागदी रुमाल. डॉक्टरनं सुई दिली. थोड्या वेळानं माझा अर्धा जबडा, जीभ, ओठ, सगळं लाकडासारखं झालं. तिनं गालात कापसाचे बोळे भरले आणि चिमटा हातात घेतला. तेवढ्यात घंटा वाजली.

सरावात ती घंटा ऐकून ऐकून मला वाटलं, आज कशाला वाजवली? मग मोरीत काहीतरी स्टीलचं खाली पडलं, मागचं दार आपटलं, बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. बहीण गेली. पार्टिशनपलीकडं पायांची धावपळ, खालाचा दबका आवाज, "चलो चलो, नीचे चलो." डॉक्टरनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला, एकदम हळू, आवाज न करता.

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, डाव्या हातात हेल्मेट, उजव्या हातात प्लास्टिकची बाटली. बाटलीचं टोपण काढलेलं. संडास धुवायच्या ॲसिडचा तो घशात टोचणारा वास क्षणात खोलीभर झाला.

"नमस्कार ताई," तो म्हणाला. "तिला बोलवा."

"ती इथं नाही."

"आत आहे. मला माहितीय." त्याची नजर माझ्यावर आली. मी उठायला कोपर टेकलं. "आजी, तुम्ही पडून राहा. तुमचं काही नाही."

मी जन्मभर लोकांना ओरडायला शिकवलं. त्या वेळी ओरडायला तोंड उघडलं तर कापूस आणि लाळ, आणि घशातून 'ऊं' असा काहीतरी आवाज. जीभ माझी नव्हतीच. मी इतकंच करू शकले की पाय खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला घेतले आणि अंग आक्रसून घेतलं, म्हणजे त्या दोघांच्या मधे माझं काही येणार नाही.

"तुमच्या वडिलांचं खेळणं असतं ना तुमच्याकडं?" तो म्हणाला. "गावभर चर्चा होती. पण आता इलेक्शन आहे, ताई. जमा केलं असंल ठाण्यात. म्हणून म्हटलं, आत्ताच जाऊन यावं."

तो हसला. मला त्या हसण्यानं घाम फुटला. कारण ते कमरेला होतं. एप्रनचा तिथला किंचित फुगवटा मला दिसत होता, त्याला दिसत नव्हता. तो बिनधास्त पुढं येणार होता, आणि त्याच्या पाठीशी प्लायवूड होतं. खालानं सगळे नेले का? की एखादा म्हातारा अजून बाकावरच आहे?

डॉक्टर हलली. खुर्चीच्या पायथ्याकडून वळसा घालून ती डावीकडं सरकू लागली, त्याच्यावर नजर ठेवून, पाय न उचलता, मी शिकवलं होतं तशीच. तो तिच्याकडं तोंड ठेवून वळत गेला. त्याला वाटलं असावं, ती मोरीच्या दाराची वाट अडवतेय. आणखी थोडी सरकली. तो आणखी वळला आणि एक पाऊल मागं गेला. मग माझ्या ध्यानात आलं. त्याच्या पाठीमागं आता क्ष-किरणाचं यंत्र होतं. विटांची भिंत.

तिनं त्याला तिथं आणून उभं केलं होतं.

तिचा हात एप्रनमध्ये गेला आणि बाहेर आला. दोन्ही हातांत ते छोटंसं काळं रिव्हॉल्व्हर, करंगळी खाली दुमडलेली.

"थांबा," ती म्हणाली. ओरडली नाही. पेशंटशी बोलते तोच आवाज. "मागं व्हा."

तो थांबला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. बाटली त्याच्या हातात डचमळली, दोन-चार थेंब फरशीवर पडले आणि तिथं फेस आला.

"ताई, मी फक्त घाबरवायला..."

"बाटली खाली ठेवा."

तो वाकला. बाटली ठेवली.

"टोपण कुठंय?"

"खिशात."

"काढा. लावा."

त्याचे हात इतके कापत होते की टोपण आट्यांवर बसेना. ॲसिड त्याच्या बोटांवर आलं, तो कण्हला, पण त्यानं टोपण लावलं. मग तो गुडघ्यावरच बसून राहिला, हात वर धरून, आणि रडायला लागला. "ताई, चुकलो. ताई, पाया पडतो."

झालं, संपलं, असं मला वाटलं. मी तिच्या हातांकडं पाहिलं.

बोट आत होतं. आणि घोडा उठत होता.

मी सुरुवातीला म्हटलं ना, या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब असतो, ओढत जावं तसा घोडा मागं जातो. तो सावकाश, एकसारखा मागं जात होता. कुठं हिसका नाही, कुठं थरथर नाही. मी शिकवलं होतं तसाच. सिलिंडर फिरायला लागलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिचं सगळं लक्ष त्याच्या छातीवर होतं.

मी खुर्चीतून उतरले. गुडघे दुखतात याचा विसर पडला. तिच्या समोर जायचं नाही एवढी अक्कल शाबूत होती. बाजूनं, मागून गेले आणि तिच्या कोपरावर हात ठेवला. तोंडातला कापूस थुंकला. "बास," म्हणायचं होतं. "फाफ" असं काहीतरी निघालं. पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. किती वेळा, आठवत नाही. माझ्या ओठांतून लाळ तिच्या एप्रनवर गळत होती.

तिनं श्वास सोडला. बोट पुढं आलं. घोडा हळूहळू खाली बसला. मग बोट कडीबाहेर आलं.

पोलीस येईपर्यंत नळी जमिनीकडं ठेवून ती तशीच उभी होती. ते आल्यावर मी तिच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, सिलिंडर उघडून गोळ्या तळहातावर काढल्या आणि सगळं फौजदाराच्या हवाली केलं. तो माझ्या बोलण्यातलं काही समजून घ्यायचा प्रयत्न करत होता. खाला मागून सांगत होती, "साहब, उनका मुँह सुन्न है, दाढ निकालने आयी थी." दाढ त्या दिवशी राहूनच गेली.

पुढं जे व्हायचं ते सावकाश झालं. त्याला अटक झाली, काही महिन्यांनी जामीन मिळाला, शहरात पाय ठेवायचा नाही या अटीवर. रिव्हॉल्व्हर मुद्देमाल म्हणून जप्त झालं. डॉक्टरकडं परवान्याबद्दल खुलासा मागितला गेला, तिनं दिला. बहिणीला घटस्फोट मिळाला. ती आता ताईच्या दवाखान्यात नसते. एका शाळेच्या ऑफिसात काम करते, लेक त्याच शाळेत शिकते. आणि केस उभी राहिली तेव्हा मला साक्षीला बोलावलं.

सरकारी वकिलानं विचारलं ते मी सांगितलं. मग आरोपीचा वकील उठला. चांगला हुशार माणूस होता.

"तुम्हीच बाईंना गोळी चालवायला शिकवलं?"

"व्हय."

"माझ्या अशिलानं बाटली खाली ठेवली, टोपण लावलं, तो गुडघ्यावर बसला. बरोबर?"

"बरोबर."

"त्यानंतर बाईंनी रिव्हॉल्व्हर खाली केलं?"

"लगेच नाय केलं."

"त्यांचं बोट कुठं होतं?"

समोर बाकावर डॉक्टर बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"ट्रिगरवर."

"ट्रिगर ओढलेला होता?"

"ओढत होत्या. मग त्यांनी सोडला."

"म्हणजे शरण आलेल्या माणसावर त्या गोळी झाडणार होत्या."

"साहेब, झाडली नाय एवढं मी पाहिलं. झाडणार होत्या का ते त्यांच्या मनातलं आहे."

तो खाली बसला.

डॉक्टर मला गाडीतून घरी सोडायला निघाली. जालना रोडला नेहमीसारखी गर्दी. सिग्नलला गाडी उभी होती तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत."

"विचारलं त्यानं."

"हो. मी रागावले नाही." हिरवा दिवा लागला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तिनं गाडी पुढं घेतली. बरंच अंतर गेल्यावर ती बोलली. "मॅडम, त्यानं टोपण लावलं ना, तेव्हा मला वाईट वाटलं. खरं सांगते. मला वाटत होतं, त्यानं बाटली फेकावी. एक पाऊल पुढं यावं. मी त्याची वाट बघत होते. त्याला त्या भिंतीशी मी त्यासाठीच नेलं होतं."

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही मला आधीच का नाही थांबवलं? तुम्हाला तर पहिल्यापासून शंका होती."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या भिंतीशी तिनं त्याला नेलं, म्हणून बाकावरचं माणूस सुरक्षित होतं. ती भिंत मीच तिला दाखवली होती. तिचं बोट ज्या सफाईनं आत गेलं ती सफाई माझी, आणि ज्या हातानं ते बाहेर काढलं तो तिचा. यातलं कुठलं वेगळं करून सांगायचं?

"नाय थांबवलं," मी म्हटलं. "माझ्या मनात तेव्हा तुमच्या बहिणीचा चेहरा व्हता."

माझ्या गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. तिथं भाजीवाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात, आत गाडी जात नाही. मी उतरले. काच खाली करून तिनं विचारलं, "शनिवारी येऊ का? रिव्हॉल्व्हर नाही माझ्याकडं. रेंजचं वापरीन."

"कशाला? आता तो शहरात नाय."

"त्याच्यासाठी नाही." ती स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघत होती. "परत कधी तसं झालं, तर तुम्ही माझ्या मागं उभ्या नसाल."

मागून एक रिक्षावाला वाट मागत होता.

"या," मी म्हटलं. "पण गोळ्या मिळणार नाहीत. ट्रिगर अर्ध्यात आणून परत सोडायचा, एवढंच करायचं. कंटाळा येईल."

ती आता येते. रेंजच्या कडेला कडुलिंबाखाली खोटी काडतुसं भरून उभी राहते. समोर कुणी आहे असं धरायचं आणि मी 'थांबला' म्हटलं की ती बोट बाहेर काढते. कधी मी मुद्दाम उशिरा म्हणते, घोडा पार वर गेल्यावर. काल तिचं एकदा चुकलं, घोडा पडला. सिलिंडर उघडून तिनं घरं बोटानं तपासली आणि पुन्हा पहिल्यापासून उभी राहिली.